गूळ, चांदी आणि दोन अर्धी सत्ये: विजोड जोडीच्या गुन्हेविनोदी पटकथेची बांधणी

कोल्हापुरात एकांकिका आणि लघुपट लिहिणारी तरुण मंडळी माझ्याकडे संहिता वाचायला देतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना विजोड जोडीची गुन्हेविनोदी कथा लिहायची असते. एक शिस्तीचा आणि एक बेफिकीर, एक शिकलेला आणि एक रस्त्यावर वाढलेला, असे दोघे एखाद्या चोरीच्या नाहीतर अपहरणाच्या मागावर निघतात आणि वाटेत भांडतात. कल्पना ऐकताना रंगते, पहिली वीस पाने वाचतानाही रंगते आणि त्यानंतर संहिता मधोमध फुटते. भांडणाचे प्रसंग येतात तेव्हा तपास थांबलेला असतो आणि तपास पुढे सरकतो तेव्हा जोडीतला एक जण नुसता शेजारी उभा असतो. प्रेक्षकाला एका तिकिटात दोन अर्धवट चित्रपट पाहिल्यासारखे वाटते.

या फुटीवर माझ्या मते एकच उपाय आहे. जोडीचा विजोडपणा हाच तपासाचे हत्यार झाला पाहिजे. कथेत जी कुलपे ठेवायची ती एका किल्लीने न उघडणारीच ठेवायची आणि किल्लीचे दोन तुकडे या दोघांकडे एकेक द्यायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका विचारातून आल्या आहेत. त्या नुसत्या सांगून कळणार नाहीत, म्हणून इथल्याच मातीतली एक काल्पनिक कथा आपण सोबत बांधत जाऊ.

पायरी पहिली: गुन्हा आधी, तोही सरळ क्रमाने

जोडीचा विचार करण्याआधी गुन्ह्याची हकिगत दोन पाने लिहून काढावी. ती गुन्हेगाराच्या बाजूने, घडली त्या क्रमाने आणि एकही विनोद न घालता लिहावी. गुन्हेगाराला गरज कसली होती, त्याने बेत काय केला, कोणाला किती सांगितले आणि कोणती गोष्ट त्याच्या हिशेबातून सुटली, हे सगळे तिच्यात यायला हवे. नवोदित इथेच घाई करतात. ‘हिऱ्यांची बॅग’ किंवा ‘मोठा घोटाळा’ एवढे लिहून ते थेट गमतीकडे वळतात. पण मोघम गुन्ह्याला दुवे नसतात. ज्या गुन्ह्यात हातांनी केलेले काम असते, वजन असते, कागद असतो, वास आणि रंग असतो, तो गुन्हा स्वतःच दुवे मागे टाकत जातो आणि लेखकाला ते शोधून काढावे लागत नाहीत.

म्हणून आपल्याला जवळून ठाऊक असलेला धंदा निवडावा. कोल्हापूरच्या लेखकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. शाहू मार्केट यार्डातला गूळ आहे, हुपरीची चांदी आहे, गुजरीतल्या सराफी पेढ्या आहेत, उद्यमनगरातली यंत्रे आहेत. या शहरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला, त्यातही सावकाराच्या कपटामुळे शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला गाव सोडून गिरणीत मजुरीला जावे लागते. गुन्हा कर्जाचा आणि कागदाचा होता, म्हणून तो पाहणाऱ्याला आपल्या ओळखीचा वाटला. विनोदी कथेलाही ही ओळख तितकीच लागते, कारण जे ओळखीचे नाही त्यातला विसंगतपणा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या कथेतला गुन्हा असा आहे. हुपरीहून गुजरीकडे निघालेले वीस किलो चांदीचे पैंजण वाटेत चोरीला जातात. चोरी घडवून आणणारा माणूस गुळाच्या एका अडत दुकानाचा कर्जबाजारी धाकटा मालक आहे. कोल्हापुरी गुळाची मोठी गिऱ्हाइकी गुजरातेत आहे आणि नाकाबंदीत कोणी गूळ फोडून पाहत नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात जुना गूळ काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, पुन्हा वितळवून घेतो आणि तीस किलोच्या चार रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, पोटात पाच-पाच किलो पैंजण दडवतो. हे रवे इतर मालाबरोबर पाडव्याच्या सौद्यातून गुजरातच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाणार असतात.

आता त्याच्या हिशेबातून काय सुटले ते पाहा. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड असते. पाच किलो चांदी जेमतेम अर्धा लिटर जागा घेते आणि साच्यातून साधारण सातशे ग्रॅम गूळ बाहेर राहतो. म्हणजे साचा तेवढाच असूनही रवा सव्वाचार किलोंहून अधिक जड भरतो. दुसरी गोष्ट अशी की पुन्हा तापवलेला गूळ काळपट होतो. वजन आणि रंग हे दोन दुवे लेखकाने घातलेले नाहीत, ते गुन्ह्याच्या कामातूनच निघाले आहेत. तुमच्या दोन पानांतून असे निदान तीन दुवे निघत नसतील तर गुन्हा बदलावा आणि जोडीकडे वळूच नये.

पायरी दुसरी: विजोडपणा सवयीत नको, न्यायात हवा

एक जण चहा पितो आणि दुसरा कॉफी, एक मांसाहारी आणि दुसरा माळकरी, एक वेळेवर येतो आणि दुसरा उशिरा. अशा फरकांवर दोन प्रसंग निघतात, तिसऱ्याला प्रेक्षक कंटाळतो. टिकाऊ विजोडपणा बरोबर काय आणि चूक काय या प्रश्नावर उभा असतो. त्यासाठी मी लिहिणाऱ्यांना एक छोटी परीक्षा घ्यायला सांगतो. वजनकाटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो आहे हे दोघांच्याही लक्षात आले, तर दोघे काय करतील ते एकेका वाक्यात लिहा. दोन्ही उत्तरे वेगळी असली पाहिजेत आणि दोन्ही ऐकणाऱ्याला पटली पाहिजेत. एक उत्तर उघड मूर्खपणाचे किंवा उघड पापाचे असेल, तर ती जोडी होत नाही, एक नायक आणि त्याचे ओझे एवढेच होते.

आपल्या कथेतला पहिला माणूस त्या अडत दुकानात तीस वर्षे हिशेब लिहिणारा दिवाणजी आहे. काटा दुरुस्त होईपर्यंत तो तोलाई थांबवेल, मग हमाल कितीही ओरडोत. दुसरा तालमीत वाढलेला, गुडघा गेल्यामुळे कुस्ती सुटलेला आणि आता हप्त्यावर घेतलेला टेम्पो चालवणारा पैलवान आहे. तो शेतकऱ्याला बाजूला घेऊन सांगेल की काटा तुमच्या बाजूने झुकलाय, आज पावती करून घ्या. दिवाणजीचा न्याय वहीशी आहे आणि पैलवानाचा समोरच्या माणसाशी. एकाने तीस वर्षांत खोटे लिहिलेले नाही, दुसऱ्याने कुणालाच कधी पूर्ण खरे सांगितलेले नाही, कारण पूर्ण खरे सांगून कुणाचे भले झालेले त्याने पाहिले नाही.

यानंतरचे काम सर्वांत मोलाचे आहे. दोघांनाही एकेक गुपित द्यावे, ते त्यांच्या न्यायाच्या उलट असावे आणि गुन्ह्याचा एकेक तुकडा असावे. माल यार्डात आला त्या रात्री चार रवे जड भरले हे दिवाणजीने पाहिले होते, पण धाकट्या मालकाने “लिहा की तीसच” म्हटल्यावर त्याने वहीत तीस लिहिले. तीस वर्षांतली ती पहिली खोटी नोंद. पैलवानाने त्याच रात्री पावतीशिवाय एक जादा खेप मारली होती, त्या बंद गुऱ्हाळातून, रोख भाड्यावर. त्याचे पैसे हप्त्यात गेले. म्हणजे शोधायला निघालेले हे दोघेच गुन्ह्याचे दोन नकळत भागीदार आहेत आणि एकमेकांपासून तेवढेच लपवत आहेत. इथे जोडीची गोष्ट आणि गुन्ह्याची गोष्ट एकत्र शिवली गेली, आता ती सहजी उसवणार नाही.

भाषेबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण ही चूक मला फार लागते. कोल्हापुरी बोली स्वतः विनोद नाही. पैलवान “काय करालाईसा दिवाणजी?” असे म्हणतो, कारण इथला माणूस असेच बोलतो, आणि त्यावर हसू येण्याची अपेक्षा लेखकाने ठेवू नये. हसू यायचे ते तो काय लपवतो आहे यावर यावे. मराठीने आपल्याला एक फार नाजूक साधन दिले आहे, ते मात्र जरूर वापरावे. पैलवान दिवाणजीला ‘तुम्ही’ म्हणतो, दिवाणजी त्याला ‘तू’ म्हणतो. कथेत हा ‘तू’ कधी बदलतो, ते सातव्या पायरीवर पाहू.

पायरी तिसरी: दोघांना एका दाव्याला बांधा

एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकमेकांना सोडून का जात नाहीत, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पंचवीस मिनिटांत मिळाले पाहिजे आणि ते सक्तीचे असले पाहिजे. ‘वरिष्ठांनी एकत्र काम करायला सांगितले’ हे उत्तर कमजोर आहे, कारण वरिष्ठांचा आदेश टाळता येतो. वॉल्टर हिल दिग्दर्शित ‘फॉर्टीएट अवर्स’ (१९८२) या चित्रपटात पोलीस अधिकारी एका कैद्याला अठ्ठेचाळीस तासांसाठी तुरुंगातून बाहेर काढतो. कैदी पळाला तर अधिकारी संपला आणि मदत केली नाही तर कैद्याची तुरुंगाबाहेरची संधी संपली, असे हे दावे, म्हणजे दोघांना बांधणारा दोर, दोन्ही बाजूंनी आवळलेले आहे. ‘झूटोपिया’ (२०१६) या ॲनिमेशनपटात सशिणीने कोल्ह्याचीच करचुकवेगिरीची कबुली पेनातल्या ध्वनिमुद्रकावर पकडलेली असते आणि त्या धाकावर तो तिच्याबरोबर फिरतो. तेच पेन शेवटी खऱ्या गुन्हेगाराचा जबाब पकडायला उपयोगी पडते. दावे म्हणून आलेली वस्तू शेवटी हत्यार झाली, हे शिकण्यासारखे आहे.

आपल्या कथेत पोलिसांच्या हाती एकच कागद लागतो. तो त्या रात्रीचा यार्डाचा आवक पास आहे. त्यावर गाडीचा क्रमांक पैलवानाचा आणि सही दिवाणजीची. एकाने दुसऱ्यावर ढकलले तर दोघेही बुडतात. शिवाय दिवाणजीला गाडी चालवता येत नाही आणि पैलवानाला दिवाणजीची वही वाचता येत नाही, कारण तीस वर्षांत दिवाणजीने स्वतःच्या खुणांची एक लिपीच तयार केली आहे. दावे असे वस्तूंचे आणि कौशल्याचे असले की संवादात त्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

पायरी चौथी: मुदत

मुदतीवर फार लिहायची गरज नाही. ती एकच असावी, सर्वांना ठाऊक असावी आणि मागे-पुढे न सरकणारी असावी. आपल्याकडे सणांचे पंचांग ही तयार मुदत आहे. वसुबारसेच्या रात्री रवे यार्डात येतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर हंगामातले सौदे निघतात. मधले दिवस प्रेक्षकाला पाठ असतात, त्यामुळे पडद्यावर तारीख लिहावी लागत नाही. दारात आकाशकंदील लागला, उटणे आले, फराळाचे डबे फिरू लागले की वेळ संपत चालली हे कळते.

पोलिसांची मुदत वापरायची असेल तर कायदा नीट पाहून घ्यावा. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, आणि या चोवीस तासांतच एक संपूर्ण लघुपट बसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून चोरीचे कलम ३७९ ऐवजी ३०३ आणि फसवणुकीचे ४२० ऐवजी ३१८ झाले आहे. पैलवान शिवी म्हणून ‘चारशे वीस’ म्हणत राहील, ते बरोबरच आहे. ठाणे अंमलदाराच्या तोंडी मात्र नवे कलम हवे.

पायरी पाचवी: दुवे अर्धे-अर्धे वाटा

पटकथेचा मधला भाग, म्हणजे पंचवीसाव्या मिनिटापासून पुढचा तासभर, या पायरीवर उभा असतो आणि बहुतेक संहिता इथेच बसतात. लेखक दुवा शोधायचे काम हुशार पात्राकडे देतो आणि हसवायचे काम दुसऱ्याकडे. मग हुशार पात्र कंटाळवाणे होते आणि दुसरे निरुपयोगी. त्याऐवजी प्रत्येक दुवा मधोमध कापावा. एका पात्राला जे दिसते त्याचा अर्थ त्याला कळू नये, आणि ज्याला अर्थ कळेल त्याने ते पाहिलेले नसावे. अर्थ कळण्यासाठी त्यांना बोलावे लागेल आणि बोलले की भांडण होणार. तपास आणि भांडण एकाच वाक्यात घडतील, ते असे.

आपल्या कथेतला एक प्रसंग पाहू. धनत्रयोदशीच्या दुपारी दोघे टेम्पोत बसलेले आहेत. पैलवान त्या रात्रीबद्दल बोलताना, आपली खेप लपवत, ‘एका मित्राने सांगितलेली’ गोष्ट सांगतो की रात्री दोन वाजता एका गुऱ्हाळाचे चुलवाण पेटलेले होते. दिवाणजी विचारतो की आवारात उसाची गाडी होती का. पैलवान म्हणतो, नव्हती, चिपाडाचा ढीगसुद्धा नव्हता, लाकडे जाळत होते. पैलवानाच्या दृष्टीने हा केवळ तपशील आहे. दिवाणजी मात्र गप्प होतो, कारण ऊस नाही तर रस नाही आणि रस नाही तर काहिलीत जुना गूळच असणार, हे त्याला तीस वर्षांच्या सरावाने कळते. आणि तयार गूळ कोणी पुन्हा कशाला वितळवेल? लगेच पुढचा प्रश्न येतो, “तुझ्या मित्रानं लाकडं इतक्या जवळनं कशी बघितली?” एका प्रसंगात तपास एक घर पुढे गेला, पैलवानाचे गुपित अर्धे उघडे पडले आणि हसू आले ते त्याच्या सारवासारवीवर. प्रसंगाला वेगळा विनोद घालावा लागला नाही.

दुसरा दुवा उलट दिशेने जावा. पैलवान वहीतल्या चार नोंदींपुढचे बारीक ठिपके दाखवून विचारतो की हे काय. दिवाणजीने खोटे लिहिले होते, पण हाताने आपोआप ठिपका दिला होता. “दिवाणजी, चार किलोनं काय बिघडतंय?” असे पैलवान सहज म्हणतो. “चार किलो तीनशे,” असे दिवाणजीच्या तोंडून निसटते. अचूकपणाच त्याला पकडून देतो. पात्राचा गुणच त्याला अडचणीत आणतो तेव्हाचा हशा सर्वांत खोल असतो, कारण तो पात्राच्या आतून आलेला असतो.

ही युक्ती नवी नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक हे दोन पहारेकरी गाडी अडवतात. गाडीत तुरुंगातून पळालेला आर्यक लपलेला आहे. चंदनक आत डोकावतो, त्याला ओळखतो आणि अभय देतो. वीरकाला संशय येऊन तो स्वतः तपासायला निघतो, तेव्हा चंदनक मुद्दाम भांडण उकरून काढतो आणि त्या भांडणात गाडी पुढे निघून जाते. दोन शिपायांचे हे भांडण राज्याचे भवितव्य बदलते, कारण तोच आर्यक पुढे राजा होतो. विनोद आणि कथानक एकाच दोरीवर चालवण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि देवलांच्या मराठी नाटकामुळे ती कथा आपल्या रंगभूमीच्या घरातलीच आहे. नवोदितांनी हा अंक उघडून वाचावा, प्रत्येक वाक्यानंतर थांबून कोणाला काय ठाऊक आहे ते समासात लिहावे.

स्वतःच्या संहितेची तपासणी करायची असेल तर मधल्या भागातला प्रत्येक प्रसंग घ्यावा आणि जोडीतल्या एकाचे संवाद हाताने झाकून वाचावेत. प्रसंगाचे काम तरीही होत असेल तर तो प्रसंग या चित्रपटातला नाही. मग दुसऱ्याचे झाकून वाचावेत. दोन्ही वेळा प्रसंग लंगडा पडला पाहिजे.

पायरी सहावी: मध्यंतराला प्रश्न बदला

आपल्याकडे चित्रपटाला मध्यंतर असते ही लेखकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. प्रेक्षक बाहेर जाऊन दहा मिनिटे बोलणार असतो आणि त्याला बोलायला विषय द्यायचा असतो. अनेक जण मध्यंतराला फक्त संकट वाढवतात, एकाच्या जागी चार गुंड आणतात. माझ्या मते मध्यंतराला प्रश्नच बदलला पाहिजे. पूर्वार्धात आपले दोघे ‘चांदी कुठे आहे’ हे शोधत आहेत. नरक चतुर्दशीच्या पहाटे, शहर अभ्यंगस्नानात असताना, ते गोदामात एक काळपट जड रवा फोडतात आणि पैंजण खळखळत जमिनीवर पडतात. पैलवान आनंदाने दिवाणजीला उचलून घेतो. तेवढ्यात रव्याभोवतीचे फडके दिवाणजीच्या हाती येते, त्यावर त्याच्याच दुकानाची खूण आहे. या क्षणापासून प्रश्न ‘चांदी कुठे’ हा राहत नाही. ज्याचे मीठ तीस वर्षे खाल्ले त्याच्याविरुद्ध जायचे का, हा नवा प्रश्न आहे आणि तो एकट्या दिवाणजीचा आहे, त्यामुळे जोडीत पहिल्यांदाच खरी फट पडते.

पायरी सातवी: ताटातूट

शेवटच्या तिसऱ्या भागाच्या तोंडाशी जोडी तुटते, हे आता प्रेक्षकालाही पाठ झाले आहे, आणि म्हणूनच ती ताटातूट खोटी वाटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. गैरसमजावर तोडू नये. अर्धे वाक्य ऐकून निघून जाणारे पात्र, चुकीच्या वेळी दिसलेला फोटो, असे काही आले की प्रेक्षक मनात म्हणतो, एक वाक्य बोला म्हणजे मिटेल. ताटातूट सत्यामुळे व्हावी. दोघांनी दुसऱ्या पायरीवर लपवलेले आता उघडे पडावे आणि बोलून मिटण्यासारखे काही उरू नये.

आपल्या कथेत हे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घडते. दुकानात वही पाटावर ठेवली आहे, तिला हळद-कुंकू वाहिले आहे, आणि त्याच वहीत खोटी नोंद आहे. दिवाणजीचा हात अक्षता घेऊन थांबतो. पैलवान दारातून पाहतो आणि समजतो की याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होते. दिवाणजीला त्याच दिवशी कळलेले असते की तो ‘मित्र’ म्हणजे पैलवान स्वतः होता. दोघेही एकमेकांना जे म्हणतात ते खरे असते. आणि इथे दिवाणजी त्याला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणतो. “तुम्ही जावा आता.” आपल्या भाषेत आदर कधी दार लावून घेण्यासाठीही वापरला जातो, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. या प्रसंगात एकही विनोद नसावा. पूर्वार्धात हसवलेला प्रेक्षक इथे शांत बसतो, त्याला शांत बसू द्यावे.

‘मिडनाइट रन’ (१९८८) या चित्रपटात पैशासाठी माणूस पकडून आणणारा नायक एका हिशेबनिसाला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेतो. हिशेबनीस विमानाची भीती सांगतो, म्हणून त्यांना रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने जावे लागते. पुढे कळते की त्याला विमान चालवताही येते. एका खोट्यावर सगळा प्रवास, म्हणजे सगळे कथानक उभे होते. म्हणून ते उघड झाल्यावर येणारा राग वरवरचा वाटत नाही. ताटातुटीचे मूळ पहिल्या अर्ध्या तासात नसेल तर शेवटी ती कितीही जोरात लिहिली तरी उपयोग होत नाही.

पायरी आठवी: शेवटी दोघांनी हत्यारे बदलावीत

शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येकाने दुसऱ्याचे हत्यार उचलावे, आणि ते उचलताना त्याला त्रास झाला पाहिजे. पाडव्याच्या सकाळी उरलेले तीन रवे सौद्याला आले आहेत. बोली सुरू झाली आहे. गुजरातचा व्यापारी आकडा वाढवतो आहे. दिवाणजीला ती थांबवायची आहे, पण पोलीस अजून पोहोचलेले नाहीत. तो सगळ्या यार्डासमोर ओरडून सांगतो की या मालाला पाणी सुटले आहे. तीस वर्षे ज्याच्या शब्दावर बाजार चालला तो माणूस खोटे बोलतो, आणि बाजार त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण तो कधीच खोटे बोलत नाही. या एका वाक्यात त्याची तीस वर्षांची पुंजी खर्च होते.

त्याच वेळी पैलवान आपल्या वस्तादांना सोबत घेऊन ठाण्यात उभा आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरे सांगतो आहे. खेप किती वाजता उचलली, भाडे किती घेतले, पैसे कुठे गेले, सगळे क्रमाने आणि आकड्यांसह, अगदी दिवाणजीच्या पद्धतीने. अंमलदाराला ते इतके नेमके वाटते की तो उलट संशयाने विचारतो, पाठ करून आलास का. इथे हशा परत येतो आणि तो योग्य जागी येतो. हे दोन प्रसंग आळीपाळीने कापून लिहावेत, म्हणजे एकाचे खोटे आणि दुसऱ्याचे खरे मिळून एक काम करतात हे सांगावे लागत नाही.

त्यानंतर दिवाणजी त्याला पुन्हा कधी ‘तू’ म्हणतो, हे तुमच्या हातात आहे. शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवा.

हशा आणि धोका यांचा हिशेब

धोका खोटा पडला की विनोदही खोटा पडतो. म्हणून गुन्हेगाराने विनोद करू नये आणि विनोदाचा विषयही होऊ नये. आपला धाकटा मालक कर्जाने घेरलेला, मृदू बोलणारा, दिवाणजीला ‘काका’ म्हणणारा माणूस आहे. तो जितका गंभीर राहील तितके या दोघांचे गोंधळ खरे वाटतील. मारामारीत पैलवानाचा गुडघा दुखला तर तो पुढच्या प्रसंगातही दुखला पाहिजे. जखम विसरणारा चित्रपट प्रेक्षकाला सांगतो की इथे कशालाच किंमत नाही, आणि मग त्याला पुन्हा घाबरवता येत नाही.

जोडी दोन पुरुषांचीच असावी असेही नाही. भिशी चालवणारी सासू आणि बँकेत काम करणारी सून, वस्ताद आणि त्याची कुस्तीगीर नात, यांच्यात न्यायाचा फरक आणि एक सक्तीचे दावे असेल तर रचना तीच राहते.

लिहायला बसताना

साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, असे धरून एकशे दहा पाने पुरतात. प्रसंग चाळीस ते पन्नास होतील. प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड घ्यावे, वरच्या अर्ध्यात तपासात काय बदलले ते आणि खालच्या अर्ध्यात जोडीत काय बदलले ते लिहावे. कार्डाचा एखादा अर्धा कोरा राहिला तर तो प्रसंग शेजारच्या प्रसंगात मिसळता येतो का ते पाहावे, बहुतेक वेळा येतो. पहिल्या मसुद्यात तीसेक कार्डे अशी अर्धी कोरी निघतात, त्याने खचून जाऊ नये. लघुपटासाठी दावे, एक कापलेला दुवा, ताटातूट आणि हत्यारांची अदलाबदल एवढेच घ्यावे, मध्यंतराची पायरी सोडून द्यावी.

मसुदा झाला की दोन मित्रांना समोरासमोर बसवून मोठ्याने वाचायला लावावा, एकाने दिवाणजीचे आणि दुसऱ्याने पैलवानाचे संवाद म्हणावेत. तुम्ही फक्त ऐकत बसावे आणि ज्या पानावर दोघांपैकी एकाचा आवाज सलग दोन पाने ऐकू आलेला नाही, तिथे पेन्सिलीने रेघ मारावी. पुढचा मसुदा त्या पहिल्या रेघेपासून सुरू करावा.